चार ओळींची मोकळी जागा

यंदाही यादी लावायची काही गरज नव्हती, तरी एप्रिलच्या पहिल्या रविवारी माझा हात आपोआप फ्रिजवरच्या चुंबकाकडे गेला. परीक्षेच्या दिवसांची यादी. हॉल तिकिटाच्या दोन झेरॉक्स, निळी पेनं सहा, कॅल्क्युलेटरचे सेल, लिंबं, माठात वाळा, पंख्याची पाती पुसणे, वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगणे की दुपारी मसाला कुटू नका. जुई पहिलीत गेल्यापासून ती इंजिनिअर होईपर्यंत दर वर्षी ही यादी त्या चुंबकाखाली असायची. मजकूर बदलत गेला, जागा तीच. आता घरात परीक्षा देणारं कुणी नाही. चुंबक हातात घेऊन मी थोडा वेळ उभी राहिले आणि मग त्याखाली सोसायटीची टाकी धुण्याची नोटीस लावली.

चिंचवडमध्ये हा ऋतू कळायला कॅलेंडर लागत नाही. स्टेशनच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर पोरंपोरी घोळक्यानं उभी राहतात आणि एका वहीच्या वीस वह्या होऊन बाहेर पडतात. रसवंतीचे घुंगरू दुपारी बाराच्या आतच वाजायला लागतात. सकाळी सहा वाजता मी कंपनीच्या बससाठी निघते, तेव्हा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पुस्तक छातीशी धरून येरझारा घालत असतं. ओठ हलत असतात, आवाज पोचत नाही. कडुलिंबाचा फुलोरा रस्त्यावर सांडलेला असतो. मोशी ओलांडली की धूळ सुरू होते, आणि धुळीच्या पलीकडे, चाकणला कंपन्यांच्या रस्त्यावर, गुलमोहर फुललेले असतात. बाकी वर्षभर त्या झाडांकडे कुणी मान वर करून बघत नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. बाहेरून आलेला माल तपासणं हे माझं काम. बावीस वर्षं तेच करते आहे. माल मापात बसला की हिरव्या बिनमध्ये, दुरुस्त होण्यासारखा असला की पिवळ्या, आणि त्याचं काहीच होण्यासारखं नसलं की लाल. बिन म्हणजे प्लॅस्टिकची पेटी, दुसरं काही नाही. घरातही माझा कारभार साधारण असाच. जुईचे बाबा ती सातवीत असताना गेले. त्यानंतर घरात आम्ही दोघी आणि माझ्या याद्या. त्या याद्यांवर घर चाललं, हे मी आजही सांगेन. शाळेची एकही सहल चुकली नाही, एकही लस राहिली नाही, डब्यात सलग दोन दिवस एक भाजी गेली नाही.

तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर जुईनं एक अल्बम केला. रॅपचा. नाव ‘लाल बिन’. शब्द माझ्याकडूनच उचललेला. त्यातल्या पहिल्या गाण्यात माझ्यावर चार ओळी होत्या. त्या तिघांनीच ऐकल्या: तिनं, तिच्याबरोबर संगीत करणाऱ्या समीरनं आणि मी. मग मीच त्या काढायला लावल्या. आज त्या मला परत ऐकायच्या आहेत. एवढी एकच गोष्ट हवी आहे, आणि ती कुठल्या दुकानात मिळत नाही.

समीर तिच्या वर्गातला. त्याच्या वडिलांचं काळेवाडीत गादीचं दुकान आहे. खाली शिलाई, कापूस पिंजायचं यंत्र, आणि वर पोटमाळ्यावर तयार गाद्यांची थप्पी. परीक्षेआधीची सुट्टी लागली की जुई रोज सकाळी दहाला ‘समीरकडे अभ्यासाला’ म्हणून निघायची. अभ्यास व्हायचा, नाही असं नाही. पण एकदा ती डबा विसरली म्हणून मी सुट्टीच्या दिवशी तो घेऊन गेले, तेव्हा समीरचे वडील शिडीखाली उभे होते. त्यांच्या भुवयांवरसुद्धा कापूस होता.

“मॅडम, वर नका जाऊ,” ते म्हणाले. “अंडी उबवायचं काम चाललंय.”

“कसली अंडी?”

“आता ते मला काय माहीत? पंखा बंद, खिडकी बंद, चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्यात. एवढ्या उकाड्यात दुसरं काय करतात? पिल्लू निघालं की कळेल कोंबडीचं आहे का बदकाचं.”

मी तरीही शिडी चढले. गाद्यांच्या मधोमध एक स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, आणि छताच्या हुकाला टांगलेला माइक. पंख्याचा आवाज आत येतो म्हणून पंखा बंद. दोघांच्या अंगावरून घाम निथळत होता. जुईनं डोक्याच्या एका बाजूचे केस कानाच्या वरपर्यंत बारीक कापून घेतले होते, त्या बाजूला कापसाचे तंतू चिकटले होते. तिनं मला बघितलं, बोट ओठांवर ठेवलं, आणि डोळे मिटून माइकसमोर काहीतरी भराभर म्हणायला लागली. मला एकही शब्द कळला नाही. पण ती श्वास कुठे घेते ते मला कळलं. लहानपणी पाढे म्हणताना ती सात सक्कम बेचाळीसला अडखळायची, तिथे असाच श्वास घ्यायची. मी डबा गादीवर ठेवून खाली उतरले.

“मग?” समीरच्या वडिलांनी विचारलं. “कोंबडी का बदक?”

“अजून फुटलं नाही,” मी म्हणाले.

आमच्या पट्ट्यात बंड म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. इथे घरोघरी दिवस कंपनीच्या बसवर लागतो. पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, जनरल. त्याप्रमाणे कुकर, त्याप्रमाणे अंघोळ, त्याप्रमाणे भांडण. मुलं दहावीला असल्यापासून शेजारी विचारतात, “मग, कुठल्या कंपनीत?” कंपनीत जाणार का, असं कुणी विचारत नाही. जुई, समीर आणि त्यांचे आणखी चार-पाच जण यांनी त्या उन्हाळ्यात ठरवलं होतं की बस पकडायची नाही. बस, एवढंच त्यांचं बंड. पण त्याला त्यांनी रंग दिला होता. कंपनीच्या वर्धापनदिनाला वाटलेले टी-शर्ट आणून त्यावरची चिन्हं कात्रीनं गोल कापून टाकायची आणि छातीला भोक असलेले ते टी-शर्ट घालून फिरायचं. पुलाखालच्या भिंतीवर लाल पेटीचं चित्र काढायचं आणि त्यात बसलेली माणसं. कुणी पिवळे केस केले, कुणी कॉलेजच्या मुलाखतींच्या दिवशी मुद्दाम सायकलवर लोणावळ्याला गेलं. मला वरवर राग यायचा. आतून मी फक्त मोजत असायची: पेपरला किती दिवस राहिले, किती धडे झाले.

गाण्यांना ठेका हवा होता तो प्रेसचा. पत्रा दाबून त्याचा भाग काढणारं मोठं यंत्र असतं, त्याचा. एका सकाळी पोहे खाताना तिनं विचारलं, “आई, तुमच्या प्रेस शॉपमध्ये मला पाच मिनिटं सोडतील का? फक्त आवाज घ्यायचाय.”

“मोबाइल गेटवर जमा करावा लागतो.”

“तू ओळख सांग ना. किती वर्षं झाली तुला तिथे? एकोणीस! एकोणीस वर्षांत पाच मिनिटं मिळत नाहीत?”

“नियम सगळ्यांना सारखा.”

“हेच गाण्यात टाकते,” ती म्हणाली आणि हसली. मग ती आणि समीर भोसरीला एका छोट्या वर्कशॉपच्या मागे गेले आणि कंपाउंडच्या जाळीतून फोन आत धरून उभे राहिले. रखवालदारानं हटकलं तर समीरनं सांगितलं, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. रखवालदार म्हणाला, “आवाजाचा कसला प्रोजेक्ट? आवाज तर आम्ही फुकट ऐकतोय.” तेही वाक्य त्यांनी घेतलं. चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला आहे ते.

मे महिन्यातला एक रविवार. दुसरा पेपर झालेला, तिसऱ्याला चार दिवस. पडदे ओढलेले, कुलरचं पाणी नुकतंच भरलेलं, टेबलावर आंब्याच्या साली. जुई लॅपटॉप घेऊन आली आणि स्पीकर माझ्याकडे तोंड करून ठेवला.

“आई, पहिलं गाणं पूर्ण झालं. अजून कुणालाच ऐकवलं नाहीये. तुलाच पहिल्यांदा.”

मी उठले, ड्रॉवरमधून पॅड आणि पेन घेतलं आणि परत येऊन बसले.

“पेन कशाला?”

“मुद्दे निसटतात नाहीतर.”

ती हसली. खरं सांगते, त्या वेळी ती खुशीत हसली. तिला वाटलं आई मनावर घेते आहे. आणि मी मनावर घेतलंच होतं. आमच्याकडे नवीन भाग सुरू करायचा असला की पहिला नग काढतात आणि तो तपासायला माझ्या टेबलावर येतो. तो पास झाल्याशिवाय पुढचा माल निघत नाही. पहिल्या नगाला जेवढा वेळ देतात तेवढा कशालाच देत नाहीत. माझ्या लेखी मी तिला माझ्याकडचा सगळ्यात मोठा मान देत होते.

गाणं सुरू झालं. बराच वेळ नुसता प्रेस. मग तिचा आवाज, मला माहीत असलेला आणि नसलेला:

‘माप चुकलं, माल गेला लाल बिनात,
मापपट्टी कुणाची ते ठेव ध्यानात.’

मी ते दोनदा लावायला सांगितलं. तिनं लावलं. मी लिहीत गेले. नंतर तिला म्हणाले, दहा मिनिटं दे, आणि सगळं स्वच्छ कागदावर उतरवलं. रकाने आखले: क्रमांक, निरीक्षण, सुचवलेली दुरुस्ती, जबाबदारी, तारीख. अकरा मुद्दे निघाले. सुरुवातीला वीस सेकंद नुसतं यंत्र, लोक बंद करतील. दोन शिव्या. मॅनेजरच्या पोटाचा उल्लेख अनावश्यक. तिसऱ्या कडव्यात शब्द गिळले जातात. असं करत सातव्या क्रमांकाला: आईवरच्या चार ओळी काढाव्यात, कंपनीतले लोक ऐकतील. अकरावा: सर्व काम परीक्षेनंतर घ्यावे. जबाबदारीच्या रकान्यात अकरा वेळा ‘जुई’.

तिनं कागद वाचला. उभ्यानंच वाचला. कुलरच्या वाऱ्यानं त्याचं एक टोक फडफडत होतं.

“चांगलं काहीच नाही वाटलं?”

“चांगलं आहेच की. नाहीतर एवढा वेळ दिला असता का?”

“मग ते कुठंय यात?”

“चांगलं लिहायचं नसतं जुई. जे ठीक आहे ते ठीक आहे. ओके मालावर कुणी काही लिहीत नाही.”

हे मी अगदी सहज बोलले. आमच्याकडे खरंच तसंच असतं. हिरव्या बिनमधल्या भागावर कागद नसतो. तो कुणाला दाखवत नाहीत, त्यावर बैठक होत नाही, तो सरळ पुढे जातो आणि गाडीत बसतो. चिठ्ठी लागते ती फक्त बिघडलेल्याला. इतकी वर्षं मी चिठ्ठ्या लिहिल्या. माझ्या हाताला दुसरं काही लिहिण्याची सवयच राहिली नव्हती.

जुईनं कागदाची चौघडी घातली आणि खिशात ठेवली. लॅपटॉप उचलला. आंब्याच्या सालीसुद्धा उचलल्या, टेबल पुसलं, आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, चला, लागली अभ्यासाला.

त्या चार ओळींत काय होतं, त्याचा विषय मला आठवतो. शब्द आठवत नाहीत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीपाशी, पायरीवर बसायची. पाचएक मिनिटं, कधी दहा. पाय दुखायचे म्हणून नाही. वर गेलं की दार उघडताक्षणी मी आई होणार, विचारणार, भाज्या काढणार, यादी बघणार. त्याआधी थोडा वेळ कुणीच नसल्यासारखं बसायचं. याची नोंद मी कुठेही केलेली नव्हती. मला वाटायचं हे जगात कुणाला ठाऊक नाही. आणि गाण्यात ते होतं. पायरीवर बसलेली बाई, तिची पर्स मांडीवर, किल्ली हातात. जुई कधी शाळेतून आली असेल आणि खालच्या वळणावर थांबून राहिली असेल, माझी पाच मिनिटं मोडू नयेत म्हणून. किती वर्षं? मी विचारलं नाही. माझे कान तापले आणि मी सातवा मुद्दा लिहिला.

जुई पास झाली. नोकरीही मिळत होती, ती तिनं घेतली नाही. अल्बम जूनमध्ये इंटरनेटवर आला, गाणारीचं नाव म्हणून तिनं दुसरंच काहीतरी लावलं. जुलैत ती बंगळूरला गेली. तिथे कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका ऑफिसात आवाजाचं काम करते: पावलं, दारं, काच फुटणं. भांडण झालं नाही. आम्ही भांडणाऱ्यांतल्या नाही. फक्त त्यानंतर तिनं मला काही ऐकवलं नाही. दर रविवारी अकराला फोन असतो. मी विचारायच्या गोष्टी आधी लिहून ठेवते: दात दाखवले का, पाणी उकळून पितेस का, भाडेकराराची मुदत. ती उत्तरं देते. हो, हो, झालं, बघते. सगळ्या मुद्द्यांपुढे टिकमार्क होते आणि फोन संपतो. आठ मिनिटं, फार तर दहा.

घरात आता कुठलीच वस्तू हरवत नाही. कात्री कात्रीच्या जागी. दुधाची पिशवी दोन दिवस पुरते. पूर्वी मी ओरडायची, चार्जर जागेवर ठेवत जा. आता चार्जर रात्रंदिवस जागेवर असतो, आणि तो तसा दिसला की मला तो थोडासा ढकलावासा वाटतो. इतवारी सांजेला, हा आमच्या बार्शीकडचा शब्द, तर घर इतकं आवरलेलं असतं की त्यात माझीच अडचण होते.

अल्बम मी ऐकलेला नव्हता. तीन वर्षं. लिंक होती माझ्याकडे, तिनं नाही, समीरनं पाठवलेली. मला भीती होती की माझ्या त्या कागदाचा राग पुढच्या गाण्यांत निघाला असेल. आठ गाणी, त्यांतली एकदोन तरी माझ्याविरुद्ध असणार. आपल्याविरुद्धचं गाणं रिकाम्या घरात एकटीनं कसं ऐकायचं?

मग या एप्रिलमध्ये बसमध्ये पल्लवी शेजारी बसली. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या मुली मोशीला चढतात. हिंगोली, परभणी, लातूरकडच्या. काम करत करत डिप्लोमा करतात, त्यामुळे त्यांचीही परीक्षा जवळ. मांडीवर गाइड आणि कानात गाणी. पल्लवी वसमतची, तोंडाळ. त्या दिवशी परतताना बस नाशिक रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि तिनं इअरफोन काढून फोनच मोठ्यानं लावला. प्रेसचा ठोका पडला आणि मी पर्सचा बंद घट्ट धरला. वीस सेकंद. वीसच्या वीस. कमी केले नव्हते.

“मॅडम, हे ऐकलंय का तुम्ही?” पल्लवी म्हणाली. “आमच्या रूमवर समद्या पोरी हेच लावायलेत. आपल्या लाल बिनचं गाणं हाय. तुमचंच डिपार्टमेंट!”

मागच्या सीटवरच्या मुली खिदळल्या. गाणं पुढे सरकलं. मॅनेजरचं पोट आलं, शिव्या आल्या. मग एका जागी तिचा आवाज थांबला आणि नुसता प्रेस चालू राहिला. पल्लवीनं हात वर केला.

“हां, आता बघा. इथं ती काय बोलतच न्हाई. मोकळं सोडलंय. इथं आम्ही ज्याचं त्याचं म्हणतो.”

“काय म्हणता?”

“जी तिच्या आईचं.” आणि ठोक्यावर ठोका धरून ती ओरडली, “पोचलीस का? मंग फोन का न्हाई केलास?”

मागून दुसरी: “मेसचं चांगलं आसतंय म्हन! खोटं सांगू नको मला!”

तिसरी: “त्या पोरीसंग लई फिरू नको!”

“ए, ती पोरगी म्हंजी मीच हाय!” पल्लवी वळून म्हणाली आणि सगळी बस हसली. ड्रायव्हरही. तोवर जागा संपली होती, गाणं पुढे गेलं होतं.

“पण मोकळं का सोडलं असेल?” मी विचारलं. माझा आवाज नीट निघाला, असं मला वाटतं.

“आई नसंल तिला,” पल्लवी गाइडचं पान शोधत म्हणाली. “बाकी समद्यांवर गाणं हाय बघा. रखवालदारावर हाय, गादीवाल्यावर हाय, बसच्या ड्रायव्हरवर हाय. आईवर एकबी न्हाई. मंग नसंलच ना? म्हणून ती जागा तशी ठिवली आसंल.”

“असेल,” मी म्हणाले.

त्या रविवारी सकाळी मी अल्बम पूर्ण ऐकला. खुर्चीत बसून, हात मोकळे. पल्लवी बरोबर होती. आठही गाण्यांत मी नव्हते. माझ्याविरुद्धसुद्धा नव्हते. सगळा पट्टा होता: पुलाखालची भिंत, आळंदी फाट्यावरचा चहा, रविवारी शटर ओढलेली दुकानं, कंत्राट संपलेल्या माणसाचं ओळखपत्र, पंधरा ऑगस्टला वाटलेला बुंदीचा लाडू. तीन वर्षं ज्या रागाला मी घाबरत होते, तो राग होता. पण तो मापपट्टीवर होता, बसवर होता, भिंतींवर होता. मी त्यात कुठे बसत नव्हते. माझ्या अकरा मुद्द्यांपैकी दहांना तिनं हात लावला नव्हता. एकच मुद्दा मिटवला होता. सातवा. आणि तिथे दुसरं काही भरलंही नव्हतं. मी ठोके मोजले. सोळा. गाणं मागे नेऊन त्या सोळा ठोक्यांवर मी शब्द बसवून पाहिले, पायरी, पर्स, किल्ली. एकही बसेना. ते माझं काम नव्हतं.

अकराला फोन लावला. या वेळी समोर कागद नव्हता.

“हां आई. बोल.”

“जुई, त्या चार ओळी हव्या होत्या.”

“कुठल्या?”

“पहिल्या गाण्यातल्या. माझ्या.”

“त्या नाहीयेत गं.”

“वहीत?”

“फोनवर लिहायचे मी. तो फोन केव्हाच गेला.”

“समीरकडे जुनं रेकॉर्डिंग असेल.”

“त्याचा लॅपटॉप बदलला. आणि मी पुसायलाच सांगितलं होतं त्याला. तू म्हणाली होतीस ना काढ म्हणून.”

“तुला आठवत असतील. चारच तर होत्या.”

“नाही आठवत. खरंच. मी प्रयत्न केला होता मध्ये एकदा.” मग म्हणाली, “तुला?”

“मला फक्त कशावर होत्या ते आठवतं.”

“मलाही तेवढंच.”

दोघींपैकी कुणाकडेच नव्हत्या. एवढी सरळ तपासणी, दोन मिनिटांत निकाल. मी म्हणायच्या बेतात होते की ठीक आहे, दात दाखवलेस का. तेवढ्यात तिनंच विचारलं, “अजून बसतेस का गं तिथे? वळणावर?”

“नाही.”

“का? गुडघे?”

“गुडघे बरे आहेत. आता सरळ वर जाते.” मग मी कारणही दिलं, कारण विचारल्यावर कारण द्यायची मला सवय आहे. “वर कुणी नसतं ना. मग आधी थांबायचं कशासाठी?”

फोन तुटला की काय म्हणून मी कानापासून दूर धरून बघितला. तुटला नव्हता.

“जुई?”

“आहे मी.”

“मग ठेवू का? तुझी कामं असतील.”

“नको. आई, ठेवू नकोस. काही बोलायलाच पाहिजे असं नाही. पण ठेवू नकोस.”

मी फोन कानाला तसाच धरून खिडकीपाशी बसले. पुढचा मुद्दा माझ्याकडे नव्हता. तिच्याकडेही नसावा. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मग तेही थांबलं, आणि मला तिकडचा पंखा ऐकू यायला लागला. आमच्या पंख्यापेक्षा सावकाश चालला होता. तिकडे उन्हाळा एवढा नसतो.